ग्राहक दीन

वरचं शीर्षक वाचून मुद्रितशोधकाला नावं ठेवू नका. त्या बिचाऱ्याने दोनदा फोन करून विचारलं, "साहेब, 'दिन' करू का?" मी म्हटलं, "नको, राहू दे. या चुकीवर माझा हक्क आहे. मी ती एकदा दीडशे माणसांसमोर, पांढऱ्याशुभ्र पडद्यावर, फूटफूटभर अक्षरांत केलेली आहे. शिवाय ती चूक आहे असं माझ्या संगणकाने कबूल केलेलं नाही."

त्याचं असं झालं. साकोली हे आमचं तालुक्याचं गाव. भंडारा जिल्ह्यात, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. त्या रस्त्याचा नंबर सरकारने बदलून त्रेपन्न केला, पण साकोलीत अजून तो 'सहा नंबर'च आहे. इथे नंबर आणि मतं सहसा बदलत नाहीत. रेल्वेने यायचं तर शेजारच्या सौंदडला उतरावं लागतं. नागझिरा आणि नवेगावबांधचं जंगल बघायला निघालेले नागपूरकर साकोलीत चहा घेतात, आणि वाघ दिसला नाही तर दुःख विसरायला परतीच्या वाटेवर पुन्हा घेतात. अशा या गावातल्या एका बँकेच्या शाखेत मी कारकून आहे. शिक्षण बी. कॉम. बारावीनंतर मराठीशी माझा संबंध फक्त 'रुपये अक्षरी' या रकान्यापुरता उरला होता. पण एका दिवाळी अंकाने माझा एक लेख छापण्याची चूक केली आणि तेव्हापासून शाखेत मी 'साहित्यिक' झालो. म्हणजे 'जेवणाची सुट्टी २ ते २.३०' ही पाटी लिहायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघतात.

डिसेंबर उजाडला आणि मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"चोवीस डिसेंबर काय असतो?"

"नाताळच्या सुट्टीचा आदला दिवस, साहेब."

"राष्ट्रीय ग्राहक दिन असतो! वरून पत्र आलंय. ग्राहक मेळावा घ्यायचा. त्यात प्रेझेंटेशन पाहिजे. मराठीत. तुम्ही साहित्यिक आहात."

१९८६ साली २४ डिसेंबरला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून हा दिवस. पुढे २०१९ साली तो कायदा जाऊन दुसरा आला, पण तारीख तीच राहिली. मला कायदा पाठ होता. प्रेझेंटेशन येत नव्हतं.

पूर्वी साहेबलोक सभेत तोंडाने बोलत. आता तेच वाक्य आधी पडद्यावर उमटतं आणि मग साहेब पडद्याकडे तोंड करून ते वाचून दाखवतात. श्रोत्यांना साहेबांची पाठ दिसते, ही या शोधाची जमेची बाजू. या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे पॉवरपॉइंट. तो १९८७ साली अमेरिकेत बाजारात आला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे जन्मदाते. पाळण्यातलं नाव 'प्रेझेंटर' होतं, ते बदलावं लागलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बाळासकट त्याचं अख्खं घर, म्हणजे कंपनीच, एक कोटी चाळीस लाख डॉलरना विकत घेतली. तेव्हापासून आजतागायत त्याची बरीच भावंडं निघाली. त्यातलं एक आमच्या शाखेच्या संगणकात आहे.

या भावंडांच्या पोटात एक शुद्धलेखन तपासनीस बसवलेला असतो. तुम्ही शब्द लिहिलात आणि तो त्याला पसंत पडला नाही की तो शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढतो. एफ-सात नावाचं बटण दाबलं की तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक संशयित उभा करतो आणि तुम्हाला विचारतो, याचं काय करायचं? दुरुस्त करायचा, सोडून द्यायचा, की शब्दकोशात जोडायचा? आज मला या तपासनीसाचंच परीक्षण करायचं आहे. आजवर त्याने माझं केलं. फिटंफाट झालेली बरी.

पहिल्या भेटीतच आमचं बिनसलं. मी पंधरा पानं टंकून पूर्ण केली आणि पडद्यावर नजर टाकली, तर धानाच्या बांधीत पाणी सोडावं तशी सगळीकडे तांबडी लाट पसरलेली. 'आहे' चूक. 'शाळा' चूक. 'कर्ज मिळेल' यातलं कर्ज बरोबर, 'मिळेल' चूक. (हे मात्र तपासनिसाने अनुभवाने लिहिलं असावं असं मला वाटलं.) 'पाणी' या शब्दाखाली तर त्याने अशी काही वेलांटी काढली होती की मी खुर्चीत सावरून बसलो. सहावीत गुरुजींनी काढली होती, तशीच.

अर्ध्या तासाने उलगडा झाला. संगणकाला भाषा सांगावी लागते, आणि मी ती सांगितलीच नव्हती. माझ्याआधी कुणीतरी हिंदी लावून ठेवली होती. लिपी दोघींची एक, त्यामुळे तपासनीस बिचारा माझं मराठी हिंदी म्हणून वाचत होता आणि कपाळावर हात मारून घेत होता. हिंदीच्या कोशात 'पाणी' कुठलं? तिथे 'पानी'. मी गंमत म्हणून 'पानी' लिहून पाहिलं. तांबडी रेघ गायब!

वाचकहो, तुम्ही पुण्यामुंबईकडचे असाल तर या प्रसंगातलं मर्म तुम्हाला कळायचं नाही. आमच्या भागात झाडीबोली बोलतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तिचा मुलूख. दिवाळीनंतरच्या मंडईत, दंडारीत ऐकू येते ती हीच. या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही, 'श' नाही. पाणी म्हणजे 'पानी' आणि डोळा म्हणजे 'डोरा'. या बोलीचा अभ्यास करून तिला साहित्यात मानाचं पान मिळावं म्हणून आमच्या साकोलीचेच डॉ. हरिश्चंद्र बोरकर वर्षानुवर्षं खपले. पण आमच्या लहानपणी हे आमच्या गुरुजींना कोण सांगणार? माझी आजी घरी 'पानी' म्हणायची, मी वहीत 'पानी' लिहायचो, आणि गुरुजी हातावर 'पाणी' उमटवायचे. तीस-पस्तीस वर्षांनी एक यंत्र भेटलं, त्याने आजीला पूर्ण गुण दिले आणि गुरुजींना नापास केलं. कारण चुकीचं होतं, पण निकाल मला आवडला. मी पाच मिनिटं भाषा बदललीच नाही.

मग मराठीचा कोश मिळवला, बसवला, आणि तांबडी लाट ओसरली. इथे तपासनिसाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी समीक्षक ठरेन. मराठी तपासणं सोपं नाही. इंग्रजीत शब्दांची यादी दिली की बरंचसं काम झालं. मराठीत शब्दाला शेपट्या फुटतात. पीक, पिकाचा, पिकांवरचा, पिकांवरच्यांनासुद्धा! शिवाय शेपूट लागलं की 'पी'चा 'पि' होतो. तो का होतो, हे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत लिहिलं आहे. १९६२ साली चौदा नियम झाले, १९७२ साली त्यात चारांची भर पडून ते अठरा झाले. आमच्या गुरुजींची पिढी स्वतः शिकली 'कवि' आणि आम्हाला शिकवलं 'कवी'. माणसांची ही गत, तिथे यंत्राचं काय? अशा शेपटीवाल्या भाषांसाठी हन्स्पेल नावाची एक फुकट तपासणी-यंत्रणा आहे. ती लास्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थांनी तयार केली, कारण हंगेरियन भाषेलाही शब्दाला शेपट्या जोडत बसायची हीच खोड. मूळ शब्दांची एक यादी द्यायची, आणि शेपट्या व त्यांचे नियम दुसरीकडे. हंगेरीतल्या माणसाने आपल्या भाषेचं दुखणं निस्तरलं आणि औषध साकोलीपर्यंत पोचलं. सहकार म्हणतात तो हाच असावा.

तर मराठी कोश बसवल्यावर तपासनिसाने माझ्या खरोखरच्या चुका पकडल्या. 'व्यजदर' पकडला, 'खातेदरांनी' पकडलं, 'कागदपत्रे' मी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिली होती त्यातल्या दोन पकडल्या. शेवटी एफ-सात दाबलं तर उत्तर आलं की तपासणी पूर्ण झाली. एकही तांबडी रेघ नाही. चाळीस वर्षांच्या आयुष्यात माझं शुद्धलेखन प्रथमच निर्दोष ठरलं होतं. मी साहेबांना दाखवलं, साहेबांनी मान डोलावली, आणि मी त्या रात्री गाढ झोपलो.

चोवीस तारखेला मेळावा भरला. धानाचे चुकारे नुकतेच जमा झाले होते, त्यामुळे गर्दी बरी होती. पुढच्या रांगेत पेन्शनर मंडळी, त्यात मधोमध आमचे गुरुजी, मागे शेतकरी, उजवीकडे बायाबापड्या. दिवे मालवले. प्रोजेक्टर घरघरला. आणि पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत उमटलं:

'राष्ट्रीय ग्राहक दीन'.

इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवायची माझी पद्धत. एका जागी बोट दोनदा पडलं आणि दिवसाचं दैन्य झालं.

अंधारात गुरुजी उभे राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण आवाज सहावीच्या वर्गातला. "अरे, दीन कोण? ग्राहक दीन झाला का?"

हशा पिकला. साहेब माझ्याकडे बघत होते, मी प्रोजेक्टरकडे बघत होतो. तेवढ्यात मागून एका शेतकऱ्याचा आवाज आला, "राहू द्या ना जी गुरुजी, बराबरच लिवलं हाये!"

या वेळी टाळ्या पडल्या. गुरुजींनीसुद्धा क्षणभर विचार केला आणि ते खाली बसले. त्यांच्या अध्यापनाच्या कारकिर्दीत खुलासा मान्य करून ते खाली बसल्याची ही माझ्या माहितीतली एकमेव वेळ.

रात्री घरी आल्यावर मी तपासनिसावर दात-ओठ खाऊ लागलो. सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या मशीनला कशाला बोल लावता? 'दीन' हा शब्द आहे की नाही मराठीत?"

"आहे, पण तिथे तो..."

"मग त्याने त्याचं काम केलं. मी तुम्हाला 'डाळ आणा' म्हटलं तर तुम्ही डाळच आणता ना? कुठली हवी ते विचारता का कधी? परवा वरणाला हरभऱ्याची घेऊन आलात."

वाङ्मयीन समीक्षेतला हा मुद्दा इतक्या थोडक्यात मला कुणी समजावून दिला नव्हता. त्या रात्री मी तपासनिसाच्या कार्यपद्धतीचा, बँकेच्या भाषेत सांगायचं तर, लेखापरीक्षण अहवाल तयार केला. तो थोडक्यात असा.

आक्षेप पहिला. हे गृहस्थ शब्द पाहतात, वाक्य पाहत नाहीत. शब्द कोशात आहे ना, मग तो इथे काय करतो आहे हे विचारायचं नाही. इंग्रजीच्या बाबतीत हल्ली अशी यंत्रं मागचापुढचा अंदाज घेऊन शंका काढू लागली आहेत. मराठीत आमच्या यंत्राची मजल अजून शब्दापुरतीच. मी 'शेतकऱ्याला खत द्यावे' याऐवजी 'शेतकऱ्याला खंत द्यावी' लिहिलं तर तो आनंदाने पुढे जाईल.

आक्षेप दुसरा. ज्या शब्दात आकडा मिसळलेला असतो तो पॉवरपॉइंट मुळात तपासतच नाही; तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच तपासतो. इंग्रजीत सगळा शब्द मोठ्या लिपीत असला तरी तेच. फोटो म्हणून चिकटवलेल्या मजकुराकडे तो बघत नाही. आता बँकेचा विचार करा. आमच्याकडे शाखेचा संकेतांक म्हणजे मोठी अक्षरं आणि आकडे. व्याजदराचा तक्ता म्हणजे कुठूनतरी उचललेला फोटो. म्हणजे जिथे चूक झाली तर माणूस बुडेल, तिथे हे गृहस्थ डोळे मिटून घेणार. आणि जिथे वेलांटी चुकली तर फार तर गुरुजी उठतील, तिथे तांबडी शाई.

आक्षेप तिसरा. 'शब्दकोशात जोडा' ही सोय. एकदा जोडलेला शब्द तो कायमचा खरा मानतो. कुणी जोडला, का जोडला, चौकशी नाही. आमच्या शाखेच्या त्या संगणकात मला 'व्यवस्तापक' हा शब्द बिनरेघेचा सापडला. कोणीतरी स्वतःचं पद स्वतःच्या हाताने टंकलं होतं, तांबडी रेघ आली होती, आणि त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात ती मिटवली होती. नाव सांगत नाही. शाखेत व्यवस्थापक एकच असतो.

एवढं लिहून मी समाधानाने झोपलो. परीक्षण पूर्ण झालं असं मला वाटलं. पण खरं परीक्षण नाताळच्या सुट्टीनंतर सुरू झालं.

सुट्टीनंतर बँक उघडली आणि पहिल्या तासाभरात तीन माणसांनी माझ्या काउंटरवर येऊन एकच प्रश्न विचारला, "ती मदत ठेव कोणाला मिळते जी?"

पहिल्याला मी सांगितलं, अशी काही योजना नाही. दुसऱ्याला जरा चिडून सांगितलं. तिसरा म्हणाला, "पडद्यावर लिवलं होतं ना! पोराने वाचून दाखवलं." मी ते प्रेझेंटेशन उघडलं. नववं पान. ठळक अक्षरांत: 'ज्येष्ठांसाठी खास मदत ठेव'. मुदत ठेव लिहिताना 'यू'च्या जागी 'ए' पडला होता. एका उकाराचा फरक. आणि खाली तांबडी रेघ नाही. का असेल? 'मदत' हा उत्तम मराठी शब्द आहे.

साहेबांनी ते पान पाठ करून वाचून दाखवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. पण नवव्या पानाला चहा आला होता. आणि आमच्याकडे मुदत ठेवीला लोक 'फिक्स' म्हणतात, त्यामुळे पडद्यावरचा शब्द ओळखीचा नाही याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. बँक दरवर्षी ओळखीचे नसलेले शब्द आणतच असते. उलट हा पहिलाच शब्द होता जो लोकांना चटकन समजला.

मदत ठेव. तुम्ही बँकेत ठेवायची ती मुदत ठेव. आणि बँकेने तुमच्यासाठी बाजूला ठेवलेली ती मदत ठेव. माझ्या चुकीत इतका अर्थ होता, याची मला लाज वाटली.

दुपारी चौथी आली. सत्तरीतली बाई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. मी त्यांना ओळखत होतो. त्यांचं नाव शांताबाई. आडनाव सांगत नाही. ग्राहकाची माहिती बाहेर द्यायची नाही असा बँकेचा नियम आहे. नवरा गेल्यापासून त्यांना एक सरकारी अनुदान मंजूर झालं होतं आणि ते खात्यात जमा होत नव्हतं. 'नाव जुळत नाही' म्हणून परत जात होतं. त्या याआधी दोनदा माझ्याकडे आल्या होत्या. दोन्ही वेळा मी कागद उलटापालटा करून सांगितलं होतं, "बाई, आधारवरचं नाव दुरुस्त करून आणा." दोन्ही वेळा त्या "हो जी" म्हणून गेल्या होत्या.

"बाबू," त्या म्हणाल्या, "मदत ठेवली हाये मनत होते तुमी लोकं."

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटलं. सकाळपासून तीनदा तेच म्हटलं होतं. म्हणून म्हटलं, "आधार दाखवा, बाई."

आधारवर शांताबाई. इंग्रजीतही नीट शांताबाईच. मग आमच्या संगणकात पाहिलं. तिथे इंग्रजी अक्षरांत होतं: एस, ए, एन, टी, ए. सांताबाई. म्हणजे दुरुस्ती आधारला लागत नव्हती. आम्हाला लागत होती. मी दोनदा बघूनही बघितलं नव्हतं, कारण माझ्या मते कोश बँकेचा. तो चुकत नसतो. बाहेरून येणारा शब्द चुकतो.

खातं उघडलेला फॉर्म मागच्या खोलीतल्या कपाटातून काढला. साल २०१४. जनधन योजना त्या ऑगस्टमध्ये सुरू झाली होती आणि पुढचे कित्येक दिवस साकोलीतल्या बँकांसमोर रेशनच्या दुकानासारखी रांग असायची. कागदपत्रांची सवलत होती, दिवसाला किती खाती उघडली याचा वरून फोन यायचा, आणि फॉर्म आम्हीच भरायचो. "नाव काय, बाई?" "सांता." "हं, पुढे व्हा."

फॉर्मवरचं अक्षर मी ओळखलं. इंग्रजी 'एस'ला असं शेपूट आमच्या शाखेत एकटाच काढतो.

त्यांनी काही चूक केली नव्हती. झाडीबोलीत 'श' नाही, त्यांनी आपलं नाव आपल्या बोलीत सांगितलं होतं. मीही त्याच बोलीत वाढलेला. माझी आजीही असंच नाव सांगायची. 'पानी' लिहिलं म्हणून ज्याने छड्या खाल्ल्या आणि त्या यंत्राने आजीला पास केलं म्हणून जो पाच मिनिटं खूश झाला, त्याला त्या रांगेत एवढं सुचलं नाही की, बाई 'सांता' म्हणतात म्हणजे 'शांता' असेल का, जरा विचारावं. ऐकलं ते लिहिलं. आणि पुढे दोनदा, बरोबर असलेल्या नावाखाली तांबडी रेघ ओढून परत पाठवलं.

तपासनिसाविरुद्ध मी काढलेले तीन आक्षेप माझ्या खिशात होते. शब्द पाहतो, माणूस पाहत नाही. जिथे बुडण्याचा धोका तिथे डोळे मिटतो. एकदा कोशात गेलेलं खरं मानतो. कागद तसाच ठेवून फक्त वरचं नाव बदललं असतं तरी चाललं असतं.

मी दुरुस्तीचा अर्ज काढला. 'खातेदाराची चूक' आणि 'कार्यालयीन चूक' अशा दोन चौकटी असतात. सव्वीस वर्षांच्या नोकरीतले आमचे हेडक्लार्क नवख्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात की कुठल्या चौकटीत खूण करायची. मी दुसऱ्या चौकटीत केली. साहेबांनी सही करताना भुवया वर केल्या, पण नववं पान अजून ताजं होतं, त्यामुळे काही बोलले नाहीत. सोबत मुख्य कार्यालयाला इंग्रजीत एक पत्र लागतं. शांताबाईंना खुर्ची दिली आणि ते पत्र मी त्यांच्यासमोरच टंकायला घेतलं.

आधी जुनं नाव लिहिलं: सांता. रेघ नाही. इंग्रजी कोशात सांता आहे. नाताळात तांबडा डगला घालून मुलांना खाऊ वाटणारा म्हातारा. मग खरं नाव लिहिलं: शांताबाई. ताबडतोब खाली तांबडी नागमोडी.

शांताबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण पहिल्या शब्दाखाली काही नाही आणि दुसऱ्याखाली काहीतरी आहे, एवढं त्यांना दिसत होतं.

"माह्या नावाखाली हे लाल काहून हाये जी?"

"तुमचं नाव बरोबर आहे, बाई. त्या मशीनला ते माहीत नाही."

त्यांना यात अवघड काही वाटलं नाही. "मंग सांगा ना जी त्याले," त्या म्हणाल्या.

अर्ज मंजूर होऊन नाव बदलायला आठ दिवस लागले. पुढचा हप्ता खात्यात जमा झाला. मागच्या हप्त्यांसाठी मी दर सोमवारी पत्र लिहितो आहे. साहेबांनी पुढच्या ग्राहक दिनाचं प्रेझेंटेशनही माझ्याकडेच दिलं आहे, पण या वेळी ते आधी गुरुजींना दाखवायचं या अटीवर. गुरुजींनी मान्य केलंय. वर एक अट त्यांची आहे: पहिलं पान बदलायचं नाही.

आणि त्या दिवशी, शांताबाई समोर बसलेल्या असताना, मी त्या तांबड्या रेघेवर बोट नेलं आणि 'शब्दकोशात जोडा' दाबलं.